गोदावरीचा फेस, सरकारी आकडे आणि आपला मोबाइल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. पर्यावरणाच्या तक्रारी घेऊन येणारी माणसे खुर्चीत बसायच्या आधी मोबाइल पुढे करतात. "वकीलसाहेब, हा व्हिडिओ बघा." व्हिडिओ खरा असतो आणि रागही खरा असतो. अडते ते त्यानंतर. तोंडी उत्तरे देऊन घसा बसला, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे लिहून ठेवतो आहे.

गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डीच्या पुलावरून काळे पाणी आणि फेस दिसला. व्हिडिओ काढला आहे. एवढ्यावर केस उभी राहते का?

तक्रार उभी राहते. केस उभी राहायला आणखी थोडे लागते. व्हिडिओ पाण्याचा रंग दाखवतो, पण ते पाणी कुठून आले, कधी आले आणि त्यात काय होते हे सांगत नाही. फेस साबणाच्या सांडपाण्याचाही असू शकतो. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांचा वकील पहिले बोट घरगुती गटारांकडेच दाखवणार, आणि दर वेळी तो खोटे बोलत असतो असेही नाही.

म्हणून व्हिडिओत तीन गोष्टी येऊ द्या. जागा ओळखता येईल असे काहीतरी, म्हणजे पुलाचा कठडा, विजेच्या खांबावरचा नंबर, देवळाचा कळस. पाणी जिथून येते ते तोंड, नाला किंवा पाइप. आणि तारीख-वेळ. मग दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा जा. आठवड्यात चार वेळा पहाटेच असे पाणी दिसले, तर ती नोंद एका भडक व्हिडिओपेक्षा जड पडते.

फोटो व्हॉट्सॲपवर ग्रुपला टाकला आहे, तुम्हालाही फॉरवर्ड करतो. चालेल ना?

मला बघायला चालेल. पुराव्याला नाही.

यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. एका प्रकरणात अशिलाने काढलेले नाल्याचे उत्तम फोटो होते. त्याने ते व्हॉट्सॲपवर पाठवले, आम्ही प्रिंट काढून जोडले आणि सहा महिन्यांनी समोरच्याने विचारले, "मूळ फाइल कुठे आहे?" तोवर अशिलाने फोन बदलला होता. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि त्यातली जागा-वेळेची माहिती उडवून टाकते. हातात उरले ते नुसते चित्र.

कायदा असा. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होते. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो.

हे प्रमाणपत्र किती गंभीरपणे घ्यायचे, ते ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२०चा निकाल आपल्याच राज्यातल्या जालन्यातल्या निवडणूक वादातला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. मूळ फोन घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. म्हणून माझे एकच मागणे असते : फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, फोटो पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा.

मीच बाटलीत पाणी भरून खासगी लॅबमध्ये तपासले तर?

जरूर तपासा. तक्रारीला धार येते. पण जल कायदा, १९७४चे कलम २१ वाचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (पुढे नुसते मंडळ) अधिकाऱ्याने नमुना घ्यायचा, तो घेताना तिथल्या तिथे कारखानदाराला तपासणीची नोटीस द्यायची, नमुन्याचे त्याच्यासमोर दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून सह्या घ्यायच्या, एक प्रयोगशाळेला पाठवायचा. ही पद्धत पाळली नाही तर अहवाल पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही, असे कायदाच सांगतो. म्हणजे मंडळाच्या स्वतःच्या नमुन्याला इतकी बंधने, तिथे तुमच्या बिसलेरीच्या बाटलीचे काय होणार!

त्या बाटलीचा उपयोग मंडळाला हलवण्यासाठी करा. "अमुक दिवशी आमच्या तपासणीत असे आले, आपण कलम २१प्रमाणे नमुना घ्यावा" असा अर्ज सातपूरच्या उद्योग भवनातल्या प्रादेशिक कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परत येऊ नका.

मोठ्या कारखान्यांवर चोवीस तास मोजणारी यंत्रे असतात म्हणे. मग वाद कशाला? आकडे बघायचे आणि कारवाई करायची.

मलाही आधी असेच वाटायचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रे बसवायला सांगितले. साखर, मद्यार्क, औषधनिर्मिती, औष्णिक वीज हे सगळे त्यात आले. एकलहऱ्याचे वीज केंद्रही त्याच वर्गातले. यंत्र दर काही मिनिटांनी आकडा मंडळाच्या सर्व्हरला पाठवते आणि मर्यादा ओलांडली की इशारा जातो.

पण हा आकडा कोर्टात थेट गुन्ह्याचा पुरावा होत नाही, कारण कायद्याला हवा असलेला नमुना माणसाने, सील लावून, सही घेऊन काढलेला आहे. तो कायदा १९७४चा, सेन्सर आत्ताचा. शिवाय यंत्र बसवतो आणि सांभाळतो तो कारखानाच. स्वतःचा ताप स्वतःच मोजून शाळेला कळवणारा मुलगा आठवा.

तरीही हा डेटा फार कामाचा आहे. सलग तीन महिन्यांत रोज रात्री एक ते चारच्या दरम्यान यंत्र "बंद" दाखवत असेल तर ते बंद असणेच बोलते. महाराष्ट्र मंडळाने २०१७मध्ये कारखान्यांच्या धुराच्या नोंदींवरून एक ते पाच तारे देणारी योजना सुरू केली, तीही याच विचाराने. दंडाला न भिणारा मालक कधी कधी एका ताऱ्याला लाजतो.

हे आकडे मला कोण देणार?

आधी एक विस्मरणात गेलेली तरतूद सांगतो. जल कायद्याच्या कलम २५(६)प्रमाणे मंडळाने सांडपाणी सोडायला दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते आणि ज्या नाल्याचा तुम्हाला त्रास होतो त्याच्यापुरती ती बाधित माणसाला बघायला खुली असते. माहिती अधिकाराच्या एकतीस वर्षे आधीचा हा हक्क आहे. मागितला की समोरचा बाबू जरा चमकतो, कारण सहसा कोणी मागत नाही.

नोंदवही मिळाली नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. त्यामुळे निबंध लिहू नका. "या परिसरातील प्रदूषणाची संपूर्ण माहिती द्यावी" असे लिहिले की उत्तर येते, "माहिती मोघम आहे." त्याऐवजी कारखान्याचा प्लॉट नंबर, वर्ष आणि कागदाचे नाव लिहा : संमतीपत्र, तपासणी अहवाल, नमुन्याचा निकाल, नोटीस. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस मिळतात आणि ते राज्य माहिती आयोगाकडे जाते. तिथे रांग लांब आहे. पहिल्या अपिलातच जीव ओता.

नव्या डेटा कायद्यामुळे माहिती अधिकार संपला, असे ऐकले. खरे का?

संपला नाही, पण एक दार बरेच लोटले गेले आहे.

ऑगस्ट २०१७मध्ये पुट्टास्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यातून पुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आला. त्याच कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५पासून तो बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना, ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडतो, असे दाखवावे लागे. आता "वैयक्तिक माहिती आहे" एवढे पुरते.

परिणाम बघा. वृक्षतोडीची परवानगी कोणी मागितली, जागेची पाहणी कोणत्या अधिकाऱ्याने केली, असे विचारले की हेच कलम पुढे केले जाऊ शकते. कंपनीला मात्र हे कवच नाही. कायद्यातली "वैयक्तिक माहिती" माणसाची असते. प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याच्या सांडपाण्याचा आकडा कोणाचीही वैयक्तिक माहिती नाही. कोणी तसे कळवले तर ते पत्र फ्रेम करून ठेवा आणि अपिलात जोडा. तिथे ते कलम ८(१)(घ), म्हणजे व्यापारी गुपित, पुढे करतील. नाल्यात सोडलेले पाणी गुपित कसे, हा तुमचा युक्तिवाद.

आणि कलम ८(२) जसेच्या तसे आहे. नुकसानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अर्जातच दोन ओळींत लोकहित लिहा : "हा नाला अमुक वस्तीच्या विहिरींजवळून जातो." अपिलाची वाट बघू नका.

सिंहस्थात चेहरे ओळखणारे कॅमेरे लावले तर माझ्या चेहऱ्यावर माझा हक्क राहतो का?

डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण संमती, सूचना, डेटा पुसून मागणे ही मुख्य कलमे १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७च्या सुमारास लागू होतात. मोठी अमृतस्नाने त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, भरेल तेव्हा कायदा जेमतेम तीन महिन्यांचा असेल.

त्यातही कलम १७ने गुन्ह्याचा शोध आणि प्रतिबंध यासाठी मोठी सूट दिली आहे आणि केंद्र सरकार सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी सरकारी यंत्रणांना कायद्यातून वगळू शकते. त्यामुळे घाटावरच्या पोलीस कॅमेऱ्याला "माझा चेहरा पुसा" म्हणून यश येईल असे मी सांगणार नाही. चेंगराचेंगरी टाळायला गर्दी मोजणे आणि प्रत्येक माणूस ओळखून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकने २००३च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी पाहिली आहे, त्यामुळे पहिल्याला माझा विरोध नाही. दुसऱ्याबद्दल आत्ताच विचारून ठेवा : चित्रण किती दिवस ठेवणार, कंत्राटदाराकडे प्रत राहणार का, मेळा संपल्यावर काय होणार. हे प्रश्न निविदेच्या कागदांवर माहिती अधिकारात विचारता येतात आणि त्यात कोणाचीच वैयक्तिक माहिती नसते.

हॉटेल, लॉज, पार्किंगचे ॲप यांना मात्र ही सूट नाही. कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

रामकुंडाचे पाणी स्नानायोग्य आहे की नाही, हे नेमके कोण ठरवते? एक अहवाल हो म्हणतो, दुसरा नाही.

इथे कायदा, विज्ञान आणि श्रद्धा एकाच कुंडात उतरतात, म्हणून थोडे सविस्तर.

उघड्यावरच्या स्नानासाठी केंद्राचे निकष आहेत. बीओडी, म्हणजे घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी. विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅम किंवा जास्त. मैलाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत, जास्तीत जास्त २,५०० चालतील.

आता दुसरा आकडा. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथली मलजल शुद्धीकरण केंद्रे पाणी स्वच्छ करून सोडतात. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायपीठाने, एप्रिल २०१९मध्ये अशा केंद्रांसाठी बीओडी १०ची कडक मर्यादा सांगितली. त्याआधीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांत महानगरांना २० आणि इतरांना ३० होती. गंमत अशी की शुद्धीकरण केंद्राने १०चे पाणी सोडले तरी ते कायदेशीर आणि स्नानाला ३च हवे. मधला फरक भरून काढायचा तो नदीच्या स्वतःच्या प्रवाहाने. उन्हाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले नाही तर तो प्रवाह असतो कुठे? पानवेली वाढतात त्या याच साचलेल्या, खत मिळालेल्या पाण्यात. म्हणून "आमचे केंद्र मानकांत आहे" हे पालिकेचे वाक्य आणि "नदी घाण आहे" हे तुमचे वाक्य, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

अहवालांचे म्हणाल तर प्रयागराजला २०२५च्या कुंभात हेच झाले. केंद्रीय मंडळाने फेब्रुवारीच्या सुरुवातीला लवादाला सांगितले की अनेक ठिकाणी जिवाणू मर्यादेपेक्षा जास्त आहेत. महिनाअखेरीस त्याच मंडळाचा दुसरा अहवाल आला, सांख्यिकी विश्लेषण करून, की पाणी स्नानायोग्य होते. नमुना कुठल्या घाटावर, किती वाजता, स्नानाच्या आधी की नंतर घेतला, सरासरी काढली की क्रमाने लावून मधला आकडा घेतला, यावर निष्कर्ष उलटतो. म्हणून अहवालाची पहिली ओळ वाचून पेढे वाटू नका आणि शिव्याही देऊ नका. शेवटच्या पानावरचा तक्ता मागा.

झाडे तोडणार असल्याची नोटीस लागली आहे. आता काय?

घाई. सार्वजनिक नोटिशीनंतर हरकतीला मिळणारे दिवस बोटावर मोजण्याइतके असतात. महाराष्ट्राचा नागरी वृक्ष कायदा १९७५चा, मोठी दुरुस्ती २०२१ची. ५० वर्षे किंवा जास्त वयाचे झाड आता हेरिटेज वृक्ष. तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावायची. त्या दुरुस्तीप्रमाणे पाच वर्षे किंवा जास्त वयाची २०० किंवा जास्त झाडे एका प्रस्तावात असतील तर विषय राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जायचा.

म्हणजे सगळे वयावर आणि संख्येवर आले. तपोवनात साधुग्रामासाठी सुमारे १,८०० झाडांचा विषय २०२५च्या अखेरीस निघाला, नाशिककर रस्त्यावर उतरले आणि वाद हरित लवादाच्या पुण्याच्या पीठापुढेही गेला. अशा वादांत हटकून तेच प्रश्न येतात : हे झाड की झुडूप, दहा वर्षांचे की चाळीस? यादी मागा, झाडावरचा नंबर यादीशी ताडून बघा, बुंध्याचा घेर टेपने मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा. झाडाला मिठी मारलेला फोटो पेपरात छान दिसतो. कामाला टेपचा येतो.

ई-पीक पाहणीत चुकीचे पीक लागले. आमच्या द्राक्षबागेचा डेटा कोणाचा?

स्वतः केलेली नोंद ४८ तासांत ॲपमध्येच दुरुस्त करता येते. नंतर तलाठी कार्यालय, लेखी अर्ज आणि बागेतला जागा-वेळेसह फोटो. २०२१पासून ही नोंद सातबाऱ्यावर जाते, त्यामुळे नुकसानभरपाई आणि पीककर्ज दोन्ही तिला टांगलेले आहे. आळस करू नका.

डेटाची ताकद द्राक्षवाल्यांना सांगायला नको. ॲपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर बागेची नोंद, फवारणी, रेसिड्यूचा (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा) अहवाल सगळे २००६पासून चढते. २०१०मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, तेव्हा एका रसायनाच्या आकड्याने निफाड-दिंडोरीचे हंगाम कसे कोसळतात ते लोकांनी भोगले. डेटा कायदा पूर्ण लागू झाल्यावर खासगी शेती-ॲपला तुम्ही विचारू शकाल की माझी कोणती माहिती आहे, कोणाला दिली. सरकारी योजनेसाठी घेतलेल्या माहितीला मात्र दर वेळी संमती लागणार नाही.

ड्रोनने नाल्याचे शूटिंग करू का?

आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमच्या जागेचा रंग बघा. ड्रोन नियम, २०२१प्रमाणे हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लाल भागात केंद्राची लागते. आपल्याकडे देवळालीला तोफखाना आणि ओझरला विमानतळ आहे, हे विसरून उडवलेल्या ड्रोनची सुटका करून घ्यायला मला बोलावू नका.

रात्री अकराला डीजे चालू आहे. मोबाइल ॲपवर ९० डेसिबल दाखवते.

ॲपचा आकडा पोलिसांना दाखवा, पण त्यावर केस टेकवू नका. फोनचा माइक प्रमाणित नसतो. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. ११२ला फोन करा. तक्रारदाराची ओळख विचारू नये, उघड करू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्येही बजावले आहे. शेजाऱ्याशी वाकडे येईल या भीतीने गप्प बसणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले.

हरित लवादात जाऊ की उच्च न्यायालयात?

जल, वायू, पर्यावरण, वन, जैवविविधता असे ठरावीक कायदे लवादाच्या यादीत आहेत. वृक्ष कायदा त्या यादीत नाही, म्हणून निव्वळ झाडांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा रस्ता विचारात घ्यावा लागतो. लवादात वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांत जायचे, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. भरपाई मागायची तर पाच वर्षे. भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी १,००० रुपये. पुण्याला खेटे घालायला नकोत, ऑनलाइन दाखल करता येते.

लवादाला पुरावा कायद्याचे काटेकोर बंधन नाही, हे कलम १९मध्ये आहे. वर फोटोंबद्दल इतके लिहिले ते मग कशाला? कारण तिथून अपील वर जाते, आणि समोरचा वकील पहिल्या दिवसापासून तुमच्या फायलीतली भोके मोजत असतो.

सगळ्यात जास्त प्रकरणे मुदतीत मरतात. "दोन वर्षे सगळ्यांना निवेदने देत होतो" हे ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

स्वच्छ पर्यावरणाचा हक्क घटनेत कुठे आहे?

कलम २१मध्ये, न्यायालयांनी वाचलेला. मार्च २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही त्यात आणला. प्रकरण माळढोकाचे होते आणि वाद विजेच्या तारांचा.

पोस्ट टाकली तर कारखाना बदनामीचा दावा करेल का?

करू शकतो. "अमुक तारखेला अमुक नाल्यात असे पाणी दिसले, मंडळाकडे तक्रार दिली आहे" एवढे लिहा. "अमुक कंपनी विष पाजते" हे वाक्य पुरावा हातात येईपर्यंत ओठांच्या आत ठेवा.

आमच्या बिल्डरने सांगितले, प्लॉट पूररेषेच्या बाहेर आहे. आजी म्हणते, इथे पाणी यायचे. कोणाचे खरे?

जलसंपदा विभागाचा पूररेषा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी-लालच्या मध्ये अटींसह. नाशिकला या रेषांचे महत्त्व सप्टेंबर २००८च्या पुराने शिकवले. नकाशाचा सर्व्हे नंबर आणि तुमचा सातबारा शेजारी ठेवून बघा. ब्रोशरमधला नकाशा बघू नका.

आजीची साक्षही फेकून देऊ नका. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, छातीला की गळ्याला लागले, हे आपल्या शहराचे जुने मोजमाप आहे. आजीला वर्ष आणि मारुतीवरची पातळी आठवत असेल तर त्या वर्षीचा गंगापूर धरणाचा विसर्ग आणि होळकर पुलाजवळच्या पातळीची नोंद मागता येते. दोन्ही जुळले तर तिचे प्रतिज्ञापत्र करून घ्या. यंदा पाणी चढेल तेव्हा मारुतीचा फोटो तुम्हीही काढा, वेळेसकट. आणि तो फोन जपून ठेवा.